कोडिंगनंतर एलईडी इंडिकेटर फ्लिकर मारतायत? रेझिस्टर घेण्याआधी जुना बल्ब परत लावून बघा

खानापूरच्या एका भावाचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. २०१५ ची पोलो, केए २२ पासिंग, चारही इंडिकेटरला ऑनलाईन मागवलेले एलईडी बसवले, डॅशवर बल्ब गेल्याची खूण आली म्हणून मित्राच्या ओबीडी डोंगलवरून (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं यंत्र) कोडिंग केलं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, खूण गेली, खरं आता तीन नवीन त्रास सुरू झालेत. डावा इंडिकेटर दिला की टिकटिक डबल स्पीडने होते, इंजिन चालू असताना पेटलेला इंडिकेटर थरथरतो, आणि नुसती किल्ली ऑन केली तर इंडिकेटर न देताच थोड्या थोड्या वेळाने चारी कोपऱ्यात बारीक चमक मारते. दुकानवाल्याने सांगितलं चारही बाजूला रेझिस्टर टाकून घ्या, टाकू का?

भाऊ, आत्ता नको. दुकानवाला मुद्दाम चुकीचं सांगतोय असं नाही, रेझिस्टर म्हणजे साध्या बल्बाइतका करंट खाऊन गाडीला फसवणारा तुकडा, त्याने तीनपैकी एखादा त्रास दबेलही, खरं तुम्ही जे लिहिलंय ते तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्हीला एकच गोळी दिली तर उद्या परत येणार. मी बेळगावच्या उद्यमबागेत गाड्यांचं वायरिंगच करतो, बरीच वर्षं झाली, आणि एलईडीची गाडी आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो, फ्लिकर नेमकं कधी होतंय? बंद असताना, पेटताना, पेटलेला असताना, का खड्ड्यात गेल्यावर? या एका उत्तरावर निम्मं काम होतं. तुम्ही ते आधीच नीट लिहिलंय म्हणून मलाही इतकं सविस्तर लिहिता येतंय.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या म्हंजे पुढचं सोपं जाईल. जुन्या गाडीत फ्लॅशर रिले असायचा, तो बल्बच्या करंटवर टिकटिक करायचा. तुमच्या गाडीत रिले नाही, बीसीएम नावाचा डबा आहे, बॉडी कंट्रोल मॉड्यूल, स्कॅनरवर ०९ नंबरला सेंट्रल इलेक्ट्रिक्स म्हणून दिसतो. टिकटिक आवाजसुद्धा स्पीकरमधून काढलेला असतो. हा डबा प्रत्येक बल्बवर दोन प्रकारे नजर ठेवतो. बल्ब पेटलेला असताना करंट मोजतो, त्याला वॉर्म चेक म्हणतात, आणि बल्ब बंद असताना अगदी क्षणभर करंट सोडून तार शाबूत आहे का बघतो, तो कोल्ड चेक. २१ वॅटचा साधा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर खातो, आणि थंड असताना त्याची तार जवळजवळ शॉर्टसारखी असते, गरम झाल्यावर जितका रेझिस्टन्स त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे कोल्ड चेकचा तो झटका साध्या बल्बला कळतसुद्धा नाही, तार गरम व्हायच्या आत झटका संपलेला असतो. एलईडीला गरम व्हायची गरजच नाही, हजारावा भाग सेकंद व्होल्टेज मिळालं तरी तो चमकून जातो.

म्हणजे तुमचा तिसरा त्रास, न देताच चमक मारणं, हा कोल्ड चेक आहे. एलईडी खराब नाहीत, वायरिंग खराब नाही, बीसीएम आपलं रोजचं काम करतंय. तुमच्या मित्राने बहुतेक इशारा बंद केला, तपासणी बंद केली नाही. कोडिंगमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्वद टक्के गोंधळ इथंच होतो असं मला तरी दिसतं, व्हिडिओत एक टिक काढायला सांगितलेलं असतं, माणूस ती काढतो, डॅशवरची खूण गेली की काम झालं समजतो. ०९ मध्ये लाँग कोडिंग उघडा (सेटिंगच्या आकड्यांची लांब ओळ, त्यातला एकेक आकडा बाईट आणि बाईटमधला एकेक चालू-बंद खटका म्हणजे बिट), त्यात इंडिकेटरचा कोल्ड डायग्नोसिस वेगळा असतो, तो बंद करायचा. कुठला बाईट कुठला बिट हे मी इथं लिहीत नाही, मुद्दामच, कारण त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांत बीसीएमचा पार्ट नंबर वेगळा असला की जागा बदलते, दुसऱ्याच्या गाडीचा बिट तुमच्यात मारला तर मागचं वायपर नाहीतर फॉग लॅम्प बंद पडेल. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन ही स्कॅनरची सॉफ्टवेअर असतील तर बहुतेक बिटसमोर वर्णन दिसतं, ते वाचूनच हात लावा. वर्णन नसलेला बिट सोडून द्या.

ज्यांच्याकडे नवीन टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाविया आहे त्यांच्यासाठी इथंच सांगतो, त्यात हे काम लाँग कोडिंगपेक्षा अॅडाप्टेशनमध्ये (एकेका सेटिंगची नावानिशी यादी) जास्त असतं आणि नावं जर्मन असतात. ती बघून घाबरू नका, लॉयख्ट म्हणजे दिवा, बीएलके म्हणजे ब्लिंकर, व्हीएल म्हणजे पुढचा डावा, व्हीआर पुढचा उजवा, एचएल मागचा डावा, एचआर मागचा उजवा. त्याखाली लास्टटिप असं येतं, म्हणजे लोडचा प्रकार, साधा बल्ब का एलईडी ते तिथं ठरतं. आणि हे चार कोपऱ्याला चार वेळा वेगवेगळं करावं लागतं.

यावरूनच तुमच्या पहिल्या त्रासाकडे येऊ, डावी बाजू फास्ट. उजवी बरोबर आहे ना? मग बीसीएमला उजवीकडचे दोन्ही दिवे मान्य आहेत आणि डावीकडचा एक तरी मान्य नाही. एका बाजूचा एक दिवा गेला असं वाटलं की ती पूर्ण बाजू डबल स्पीडने चालवायची, ही ड्रायव्हरला कळावं म्हणून मुद्दाम ठेवलेली खूण आहे. आता पुढचा का मागचा हे शोधायचं, आणि इथंच जुना बल्ब कामाला येतो. टाकून दिला नसेल अशी आशा आहे. पुढच्या डाव्याला जुना २१ वॅटचा बल्ब लावा, इंडिकेटर द्या. स्पीड नॉर्मल झाला तर दोष त्या कोपऱ्यात. नाही झाला तर पुढं परत एलईडी, मागं जुना बल्ब, परत बघा. पाच मिनिटांचं काम आहे, स्कॅनर लागत नाही.

कोपरा सापडला की डाव्या उजव्याचे एलईडी अदलाबदल करा. स्पीडचा दोष एलईडीबरोबर उजवीकडे गेला तर एलईडीच मार खाल्लेला आहे, ऑनलाईन जोडीत एखादा तसा निघतोच, आतली एक लाईन मेलेली असते म्हणून करंट कमी. दोष डावीकडेच राहिला तर एकतर डाव्याचं कोडिंग राहिलंय नाहीतर होल्डर किंवा अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली, करंट परत नेणारी तार) ढिला आहे. मला तुमच्या वर्णनावरून कोडिंग राहिलंय असं वाटतं, कारण मित्राने घाईत एखादं चॅनल, म्हणजे एका दिव्याची लाईन, सोडलं असणार, खरं तपासल्याशिवाय मी ठाम म्हणणार नाही.

अर्थवर जरा थांबतो कारण आपल्या भागात हा विषय मोठा आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पाऊस किती हे तुम्हाला मी सांगायला नको, त्यात तांबडी माती, ती चिखल होऊन बंपरच्या आत जाऊन बसते आणि वाळली की कपलरच्या पिनांवर थर धरते. डिकीतल्या टेल लॅम्पच्या सीलमधून पाणी झिरपून अर्थचा बोल्ट हिरवा पडलेल्या कितीतरी गाड्या मी बघितल्यात. साधा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो म्हणून अशा अर्धवट जोडणीतून पण कसाबसा पेटतो, एलईडी दोनतीनशे मिलिअँपिअरवर असतो, त्याला जरा इकडेतिकडे झालं की दिसतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, पार्किंग लाईट लावली की इंडिकेटरचा उजेड बदलतो, अशी लक्षणं असतील तर कोडिंगला हात लावू नका, ते शंभर टक्के अर्थ आहे, एका दिव्याचा करंट दुसऱ्याच्या वाटेने परत जातोय. तपासायचं असं, तिथं साधा बल्बच लावायचा म्हणजे पूर्ण करंट वाहील, हॅझर्ड चालू करायचा, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक होल्डरच्या अर्थ पिनेला, एक बॅटरीच्या मायनसला. बल्ब पेटल्यावर ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवं. त्याच्यावर गेलं तर बोल्ट काढा, पत्रा घासून चकचकीत करा, परत कसा, वरून ग्रीस. हे काम एलईडी नसलेल्या गाडीलाही करावं इतकं चांगलं आहे.

होल्डरचंही तेच. अंबर काचेच्या बल्बच्या दोन पिना समोरासमोर नसतात, जरा तिरक्या असतात, आणि पांढऱ्या बल्बच्या समोरासमोर. ऑनलाईनवाले दोन्ही एकाच फोटोखाली विकतात. माणूस जोर लावून चुकीचा एलईडी होल्डरमध्ये फिरवून बसवतो, तो बसतो पण टेकत नाही, आणि बैलहोंगल रोडच्या पहिल्या खड्ड्यात फ्लिकर सुरू. हाताने हलवून बघा, कटकट हलत असेल तर परत करा तो एलईडी, चिकटपट्टी लावून भागवू नका.

आता मधला त्रास, इंजिन चालू असताना पेटलेला इंडिकेटर थरथरणं. हा मला स्वतःला सगळ्यात आवडता दोष आहे कारण लोक याच्या मागं दोन दोन महिने फिरतात आणि उत्तर तुमच्या वाक्यातच आहे, इंजिन चालू असताना. इंजिन बंद, नुसत्या बॅटरीवर हॅझर्ड लावून बघा, थरथर गेली ना? बॅटरी एकटी असते तेव्हा व्होल्टेज साडेबाराच्या आसपास असतं. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर चौदा, साडेचौदा देतो. साडेचौदावर बल्ब लवकर उडतात, म्हणून पुष्कळ बीसीएम बल्बला पूर्ण व्होल्टेज देतच नाहीत, सेकंदाला शंभर वगैरे वेळा सप्लाय तोडून जोडून सरासरी १३ व्होल्टइतकी ताकद देतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. हिशोब सोपा आहे, १३ भागिले १४.५, त्याचा वर्ग, साधारण ०.८, म्हणजे दर चक्रात वीस टक्के वेळ सप्लाय बंद. बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, एलईडी मात्र प्रत्येक वेळी खरोखर विझतो आणि पेटतो. त्यात त्याच्या आतला स्वस्त ड्रायव्हर प्रत्येक वेळी नव्याने चालू होताना अडखळला की ती थरथर डोळ्याला दिसते.

मीटरने हे सापडत नाही हे लक्षात ठेवा, मीटर सरासरी दाखवतो आणि माणसाला वाटतं व्होल्टेज बरोबर आहे. स्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर एका नजरेत दिसतं. आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवू नका, कंपनीतून आलेला चांगला एलईडी दिवासुद्धा मोबाईलमध्ये पट्टे मारतो. डोळ्याला दिसत नसेल तर दोष नाही. माझ्याकडे एक काका निपाणीहून नुसता व्हिडिओ बघून आले होते, गाडीला काहीच झालं नव्हतं, चहा पिऊन परत गेले.

याचा इलाज परत कोडिंगमध्येच आहे, त्या चॅनलचा लोड प्रकार एलईडी केला की बीसीएम ती काटछाट एकतर करत नाही किंवा एलईडीला चालेल अशी करते. तुमच्या बीसीएममध्ये तो पर्याय नसेल तर चांगला एलईडी घ्यायचा, ज्याच्या आत खरा करंट ड्रायव्हर आहे. कॅनबस लिहिलंय म्हणून घेऊ नका. कॅनबस ही डब्यांनी एकमेकांशी बोलायची तार आहे, इंडिकेटरच्या बल्बपर्यंत ती येतच नाही, पाकिटावर त्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आत एक रेझिस्टर टाकलाय आणि तो एलईडीलाच भाजतोय.

तिसरा रस्ता म्हणजे डायोड आणि कपॅसिटर. सप्लायमध्ये एक डायोड, त्यानंतर एलईडीला समांतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एलईडी ३०० मिलिअँपिअर खातो आणि सप्लाय २ मिलिसेकंद बंद आहे असं धरा, तेवढ्यात कपॅसिटरवरचं व्होल्टेज ०.६ व्होल्टने उतरतं, म्हणजे एलईडीला कळणारसुद्धा नाही. कपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या, १६ चा नको, आणि १०५ डिग्रीवाला घ्या, लॅम्पच्या मागं गरम होतं. प्लस मायनस उलटं केलं तर फुगून फुटतो. मोठा घालायच्या मोहात पडू नका, रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी एवढा करंट ओढतो की बीसीएमला शॉर्ट वाटू शकतो आणि तो ती लाईनच बंद करतो. बीएमडब्ल्यूच्या काही मॉडेलमध्ये तर लाईट मॉड्यूल असे शॉर्ट मोजून ठेवतो आणि ठराविक वेळा झाले की ती लाईन कायमची कुलूपबंद, मग स्कॅनरने उघडावी लागते. म्हणून डायोडच्या आधी एक ओहमचा छोटा रेझिस्टर ठेवायचा.

आता तो मोठा रेझिस्टर, ज्याच्यावरून प्रश्न सुरू झाला. बाजारात सोनेरी अॅल्युमिनियमचा ६ ओहम ५० वॅट मिळतो. इंजिन चालू असताना १४ व्होल्टला तो २.३ अँपिअर ओढतो, जवळजवळ ३३ वॅटची उष्णता. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो म्हणून सरासरी सोळा सतरा वॅट धरा. तुम्ही सोल्डरिंग आयर्न बघितलंय ना, तो २५ वॅटचा असतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त सोल्डरिंग आयर्न बंपरच्या आत कायमचा बसवायचा. ५० वॅट हा आकडा पण पत्र्यावर किंवा हीटसिंकवर घट्ट बोल्ट केला तरच खरा, हवेत लटकवला तर त्याच्या निम्म्यालाही तो टिकत नाही. माझ्याकडे एक गाडी आली होती, कुठल्यातरी गॅरेजने रेझिस्टर इन्सुलेशन टेपने बंपरच्या प्लास्टिकला गुंडाळलेला, ती गाडी तवंदी घाटात बंद पडली, बिचाऱ्याने सुरक्षेसाठी हॅझर्ड लावून तासभर क्रेनची वाट बघितली, आणि तेवढ्यात आतून बंपरला हाताएवढं भोक. तार वितळून उघडी पडली होती, नशीब म्हणून पुढं काही झालं नाही. रोजच्या वळणाला दहा सेकंद इंडिकेटर दिला तर काही होत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं चालतंय की, खरं हॅझर्ड ज्या दिवशी खरोखर लागतो त्याच दिवशी तो पेट घेण्याइतका तापतो, हे मला फार खुपतं.

तरीही कोडिंगला जागाच नसलेली गाडी असेल आणि रेझिस्टर घालायचाच असेल तर ६ ओहमऐवजी ८ ओहम चालतो का बघा, १४ व्होल्टला पावणेदोन अँपिअर, मूळ बल्बाइतकाच. पत्र्याला बोल्ट, मध्ये थर्मल पेस्ट, आजूबाजूला वायर प्लास्टिक काही नको, आणि तार न कापता होल्डरला समांतर. निळे चिमटे कपलर वापरू नका, ते मूळ तारेची कातडी कापतात आणि आपल्या पावसात दोन वर्षात तार आतून काळी पडते. सोल्डर करून हीटश्रिंक चढवा.

आणि कोल्ड चेकमुळे चमक नाही, नुसता सतत मंद उजेड राहतोय असं कुणाचं असेल तर एवढा मोठा रेझिस्टर लागतच नाही, ३३० ओहम २ वॅटचा पुरतो. १४ व्होल्टला फक्त ४२ मिलिअँपिअर, कोमट होतो, बास.

तुम्ही करायचं काय ते सांगतो, या क्रमाने. चारही कोपऱ्याला जुने बल्ब परत लावा आणि मित्राला कोडिंग पहिल्यासारखं करायला सांगा. त्याने बदलायच्या आधी जुन्या कोडिंगचा बॅकअप किंवा फोटो ठेवला असेल तर फार बरं, नसेल आणि डोंगल ओबीडीइलेव्हनचा असेल तर त्याच्या हिस्टरीत जुनी व्हॅल्यू बघा, तिथं राहते. मग फॉल्ट कोड पुसा. सगळं नॉर्मल चाललं आणि वर सांगितलेली अर्थची तपासणीही बरोबर आली म्हणजे वायरिंग निर्दोष, पुढचा शोध फक्त एलईडी आणि कोडिंगपुरता. मग एकच कोपरा एलईडी करा, त्याच कोपऱ्याचं कोडिंग करा, आणि एका वेळी एकच बदल. बदल केला की इग्निशन बंद, गाडी लॉक, दहा मिनिटं थांबा, डबे झोपू द्या, मग बघा. लगेच बघितलेलं खरं नसतं. कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला असावा, निदान बॅटरी चांगली भरलेली तरी, कमी व्होल्टेजला अर्धवट लिहिलं गेलं तर बीसीएम अडकतो आणि मग तुमची पोलो क्रेनवर माझ्याकडे येईल, ते मला नकोय.

शेवटी वेग मोजा. मोटार वाहन नियमांत, नियम १०२ मध्ये, इंडिकेटर अंबर रंगाचा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा हवा. घड्याळ लावून १५ सेकंदात १५ ते ३० च्या मध्ये आला पाहिजे, चारही कोपरे वेगवेगळे मोजा. पांढरा एलईडी अंबर काचेमागं घातला असेल तर तो बदला, दुपारच्या उन्हात फिकट पिवळट दिसतो, दिला का नाही तेच मागच्याला कळत नाही. उसाच्या सीझनमध्ये संकेश्वरकडे ट्रॉल्यांच्या रांगेतून ओव्हरटेक करताना, नाहीतर चोर्ला घाटात धुक्यात, मागच्या माणसाला तुमच्याबद्दल कळणारी गोष्ट ती एकच असते. त्यासाठी दहा मीटर मागं उभं राहून उन्हात बघा, बाजूनेही बघा, काही एलईडी सरळ समोर भारी दिसतात आणि कडेला गेलं की गायब, कारण रिफ्लेक्टर तारेच्या जागेसाठी बनवलेला असतो.

आणि हे मनापासून सांगतो, वॉर्म चेक कोडिंगमधून बंद केला की उद्या एलईडी गेला तरी गाडी तुम्हाला सांगणार नाही. ना टिकटिक फास्ट होणार, ना खूण येणार. मग दर आठवड्याला रात्री भिंतीसमोर गाडी लावून हॅझर्डचा उजेड पुढून आणि मागून बघायची सवय लावा. ते जमणार नसेल तर मी तरी इंडिकेटरला साधा २१ वॅटचाच ठेवतो, माझ्या स्वतःच्या गाडीत तोच आहे, केबिन आणि नंबर प्लेटला एलईडी.

ज्यांच्याकडे जुनी बोलेरो, जुनी मारुती किंवा मोटरसायकल आहे त्यांना यातलं काहीच नको, तिथं रिले आहे, एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणून बदला, फक्त दोन पिनेचा का तीन पिनेचा ते बघून घ्या आणि तीन पिनेच्यात अर्थ द्यायला विसरू नका.

खानापूरच्या भावाने आधी एवढंच कळवा, जुना बल्ब लावल्यावर डावी बाजू नॉर्मल झाली का, आणि कुठल्या कोपऱ्यात. बीसीएमचा पार्ट नंबर स्कॅनरवर ०९ मध्ये वरच दिसतो, तोही पाठवा, मग कुठला बिट ते बघून सांगतो.